तरंग संचार पोर्टल: बागेत टॉवर येणार कळल्यावर वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आमच्या कॉलनीच्या बागेत मोबाईल टॉवर येणार हे कळल्यावर आधी ग्रुपवर नुसता रेडिएशनचा धुरळा, कोण म्हणतंय कॅन्सर होतो, कोण म्हणतंय चिमण्या जातात, आणि हातात कागद कोणाच्याच नाही. तेव्हा एकाने दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलची लिंक टाकली. 2017 पासून चालू आहे हे, पण कोकणात फार कोणाला माहीत नसावं म्हणून सविस्तर लिहितेय.

नकाशावर आपला भाग उघडायचा, आजूबाजूचे टॉवर दिसतात, ते रेडिएशनच्या मर्यादेत आहेत का तेही कळतं, एखाद्या टॉवरची जास्त माहिती मागितली तर ईमेलवर येते. आणि सगळ्यात कामाची सोय म्हणजे 4000 रुपये ऑनलाईन भरले की विभागाची माणसं येऊन तुम्ही सांगाल त्या जागी मोजणी करतात, तुम्हाला समोर उभं राहता येतं, रिपोर्टही तुम्हाला देतात. एका घराला 4000 जड आहेत, पण कॉलनीने वर्गणी काढली तर काहीच नाही.

यातून आमच्या ग्रुपवरचा गोंधळ बराच निवळला. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आपली मर्यादा आणली, म्हणजे 900 मेगाहर्ट्झच्या मोबाईल लहरींना 0.45 वॅट प्रति चौरस मीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2011 मध्ये या लहरी 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकल्या हे खरं, पण त्याचा मुख्य आधार कानाला लावलेला फोन होता, आणि रेंज कमी असली की फोनच जास्त जोर लावतो हेही आम्हाला आत्ता समजलं. म्हणून बागेत टॉवर नको असा जो हरकतीचा अर्ज आम्ही लिहीत होतो, त्यातून रेडिएशनचा मुद्दा काढूनच टाकला. शेजारच्या काकींना ते आधी पटलं नाही, मग म्हणाल्या, "बरं, पण पोरांची जागा जातेय ना, ते तरी ठळक लिहा गो."

आणि इथेच पोर्टल संपतं. ते उभ्या असलेल्या टॉवरचं सांगतं, यायच्या टॉवरची जागा बरोबर की चूक हे त्यात नाही. टॉवर म्हणजे नुसता खांब नव्हे हो, खाली सिमेंटचा पाया, जाळीचं कुंपण, बॅटऱ्यांची कपाटं, बऱ्याच ठिकाणी जनरेटरसुद्धा, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईट किती जाते ते काय सांगायला हवं? बाग आमची केवढीशी, जांभ्याच्या चिऱ्याचा गडगा, दोन झोपाळे, घसरगुंडी, एक बकुळ. बाहेरचे म्हणतात तुम्हाला एवढा समुद्र आहे की, पण चार वर्षांच्या पोराला एकटं किनाऱ्यावर कोण सोडतं! मुंबईतही 4जीच्या वेळी बागा-मैदानांत टॉवरना परवानगी दिल्यावर रहिवासी मोकळ्या जागेसाठीही भांडले होते.

टॉवर नको असं आमच्यातलं कोणी म्हणत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे फोन बंद पडले, मुंबईतल्या माणसांना घरचे जिवंत आहेत की नाहीत हे कळत नव्हतं, ते आम्ही विसरलेलो नाही. फक्त बागेत नको. पाण्याच्या टाकीमागे पडीक जागा आहे, तीही सार्वजनिकच, तिचा नकाशा आम्ही अर्जाला जोडलाय.

अजून एक, हे पोर्टलवर नाही म्हणून इथे लिहिते. 1 जानेवारी 2025 पासूनच्या राइट ऑफ वे नियमांत, म्हणजे टॉवर-केबलसाठी जागा वापरू देण्याच्या नियमांत, सार्वजनिक जागेसाठी कंपनीने केलेल्या अर्जाचा निर्णय 67 दिवसांत झाला नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात. त्यामुळे 'बघू, गणपतीनंतर बोलू' असं करून चालत नाही, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

माझे 5 पैकी 4. एक कापला कारण नुसतं पोर्टल बघून आपल्या गावातली म्हातारी माणसं काही करू शकणार नाहीत, कोणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं, मी आमच्या आबांना तसंच दाखवलं. टॉवर शेवटी कुठेही झाला तरी तो चालू झाल्यावर आम्ही मोजणी मागवणार आहोत, त्याचे 4000 जमा करून काकींकडे ठेवलेत.