ली आधी वाचावा की थॉमस?

अमेरिकन यादवी युद्ध एकाच लष्करी अधिकाऱ्याच्या आयुष्यातून समजून घ्यायचं म्हटलं, की बहुतेकांचा हात फुटून निघालेल्या दक्षिणेचा सेनानी रॉबर्ट ई. लीच्या चरित्राकडे जातो. तुमचाही जात असेल, तर क्षणभर थांबा आणि उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, बाजूने लढलेला जॉर्ज एच. थॉमस शेजारी ठेवून पाहा.

दोघंही दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे, दोघंही वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीचे. १८५५ मध्ये उभ्या राहिलेल्या सेकंड कॅव्हलरी या घोडदळात ली लेफ्टनंट कर्नल होता आणि थॉमस मेजर. लीचं घराणं बडं, बायको जॉर्ज वॉशिंग्टनच्या पत्नीची, मार्थाची, पणती. थॉमस साउदॅम्प्टन काउंटीतला. तिथे १८३१ मध्ये नॅट टर्नरचा गुलामांचा उठाव झाला, तेव्हा पंधरा वर्षांच्या थॉमसला घरच्यांबरोबर जीव मुठीत धरून पळावं लागलं होतं. पुढे दक्षिणेची बाजू कोण घेईल, असं तेव्हा विचारलं असतं तर लोकांनी थॉमसकडेच बोट दाखवलं असतं.

झालं उलटं. १८ एप्रिल १८६१ रोजी लीला संघराज्याच्या फौजेचं नेतृत्व देऊ केलं गेलं आणि दोन दिवसांत राजीनामा देऊन तो दक्षिणेकडे गेला. थॉमस मात्र संघराज्याच्या फौजेतच राहिला. त्याचा निर्णय सरळ नव्हता. जानेवारीत त्याने व्हर्जिनियाच्या लष्करी शाळेतल्या एका जागेची चौकशी केली होती, आणि त्यामुळे उत्तरेतही त्याच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. बहिणींनी तर त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली, असं सांगतात. १८७० मध्ये तो गेला, तेव्हा बायकोच्या माहेरी, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयमध्ये दफन झालं. त्याचं सख्खं असं कुणी आलं नाही.

लढाया वाचायची हौस असेल तर ली जास्त रंगतो. चॅन्सेलर्सव्हिलला दुपटीहून मोठ्या फौजेसमोर त्याने आपलं सैन्य विभागलं आणि जिंकला. दोनच महिन्यांनी गेटिसबर्गला तीच धडाडी अंगाशी आली. थॉमसकडे अशी झेप नाही, त्याचं टोपणनावच ‘ओल्ड स्लो ट्रॉट’, म्हणजे संथ चालीचा. पण २० सप्टेंबर १८६३ रोजी चिकामॉगाला त्याच्या फौजेचा सेनापती मैदान सोडून गेल्यावर संध्याकाळपर्यंत टेकडी धरून बसला तो हाच. नॅशव्हिलला त्याने आपला वरिष्ठ, उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याच्या तारांवर तारा येऊनही घाई केली नाही. बर्फ वितळल्यावर, १५ आणि १६ डिसेंबर १८६४ रोजी, त्याने दक्षिणेच्या सेनापती हूडच्या फौजेचा पार धुव्वा उडवला. या लढाईत कृष्णवर्णीय पलटणीही त्याच्या हाताखाली होत्या. मला हे दोन दिवस लीच्या कुठल्याही विजयापेक्षा पक्के वाटतात.

अडचण सामग्रीची आहे. लीची पत्रं ढिगाने उपलब्ध आहेत. थॉमसने खासगी कागदपत्रं नष्ट केली, आठवणीही लिहिल्या नाहीत. त्यामुळे त्याच्या मनात काय होतं, ते हुकूम आणि इतरांच्या बोलण्यातून ताडावं लागतं. ज्यांना माणूस आतून उलगडलेला हवा, त्यांनी लीच घ्यावा. फक्त एक करा: लीचं चरित्र विकत घेण्यापूर्वी सूचीत वेस्ली नॉरिस हे नाव शोधा. आर्लिंग्टनहून, म्हणजे लीच्या सासरच्या इस्टेटीवरून, पळालेल्या या गुलामाने, पकडून आणल्यावर लीने आपल्याला फटके मारायला लावले, अशी साक्ष १८६६ मध्ये दिली होती. नाव नसेल किंवा दोन ओळींत गुंडाळलं असेल, तर ती पोथी आहे, न घेता परत ठेवून द्या.

एकच पुस्तक वाचणार असाल तर माझं मत थॉमसला. दोन वाचणार असाल, तरीही थॉमस आधी.