कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस (एसवाय०-७०१): कोणी द्यावी, कोणी थांबावं

सायबर सिक्युरिटीत शिरायचं म्हटलं की पहिलं नाव निघतं ते कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लस प्रमाणपत्र परीक्षेचं. सल्ला बरोबर आहे, पण त्यासोबतची अट बहुतेक जण गाळतात: नेटवर्किंग येत असेल तर. सबनेट मास्क (आयपी पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे दाखवणारा आकडा) बघून दोन मशीन एकाच नेटवर्कात आहेत का हे सांगता येत नसेल, तर पाठांतराच्या जोरावर परीक्षा सुटेलही, पण मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत पितळ उघडं पडतं. कॉम्पटिया स्वतः आधी नेटवर्क प्लस (नेटवर्किंगची तिचीच परीक्षा) आणि दोनेक वर्षांचा अनुभव सुचवते. सक्ती नसल्यामुळे ती ओळ कोणी मनावर घेत नाही.

हे परीक्षण ७०१ आवृत्तीचं आहे. ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली आणि आधीची ६०१ जुलै २०२४अखेर बंद झाली. आवृत्ती साधारण तीन वर्षांनी बदलते, म्हणून व्हाउचर (परीक्षेच्या शुल्काचं कूपन) घेण्याआधी चालू क्रमांक तपासावा. ६०१चं जुनं पुस्तक हाताशी असलं तरी त्यावर विसंबू नये. ७०१मध्ये झिरो ट्रस्टचे (कोणावरही आपोआप विश्वास न ठेवता दरवेळी तपासणं) भाग (पॉलिसी इंजिन, पॉलिसी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एन्फोर्समेंट पॉइंट) नेमके विचारले जातात आणि कंट्रोलची, म्हणजे सुरक्षेच्या उपायांची, वर्गवारीही बदलली आहे: टेक्निकल, मॅनेजेरियल, ऑपरेशनल, फिजिकल हे चार वर्ग, आणि प्रकारांत डायरेक्टिव्हची (धोरणं आणि सूचनांनी वागणूक ठरवणारे) भर.

९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० अशी गुणपट्टी आणि उत्तीर्ण व्हायला ७५०. ही टक्केवारी नव्हे, त्यामुळे किती प्रश्न चुकले तर चालतील याचं गणित मांडत बसू नये. सर्वाधिक वजन सिक्युरिटी ऑपरेशन्सला, २८ टक्के. त्याखालोखाल धोके आणि व्हल्नरेबिलिटीजना (प्रणालीतल्या कच्च्या जागा) २२. गव्हर्नन्स आणि ऑडिटचा २० टक्क्यांचा भाग तांत्रिक मंडळींना कंटाळवाणा वाटतो आणि तिथेच गुण गळतात.

परीक्षेची खरी मेख परफॉर्मन्स-बेस्ड प्रश्नांत, म्हणजे स्क्रीनवर प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या पीबीक्यूत आहे. हे मोजकेच असतात, पण बहुधा सुरुवातीलाच येतात. फायरवॉलचे नियम लावा, लॉग वाचून संसर्ग कुठून सुरू झाला ते शोधा, आयपीसेक बोगद्याच्या (दोन नेटवर्कांमधली एन्क्रिप्टेड जोडणी) दोन्ही टोकांची सेटिंग जुळवा, अशा धाटणीचे. उमेदवार पहिल्यावरच वीस मिनिटं घालवतो आणि शेवटी पंचवीस सोपे प्रश्न अंदाजाने ठोकतो. उपाय साधा आहे: पीबीक्यू खूण करून सोडायचे, बाकीचे प्रश्न तासाभरात संपवायचे आणि मग परतायचं. फायरवॉलच्या प्रश्नात हमखास होणारी चूक क्रमाची. नियम वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला की पुढचे बघितलेच जात नाहीत. ‘सगळं अडवा’ हा नियम वर गेला की खालचे सगळे निरुपयोगी. पोर्टही, म्हणजे नेटवर्कवरच्या सेवांचे ठरलेले क्रमांक, तोंडपाठ हवेत: २२, ५३, ३८९ आणि ६३६, ४४५, ३३८९, रेडियसचा (लॉगिन तपासणारी सेवा) १८१२.

बहुपर्यायी प्रश्नांत अनेकदा चारपैकी दोन उत्तरं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतात. ‘सर्वांत आधी काय कराल’ असं विचारलं असेल तर इन्सिडंट रिस्पॉन्सचा (हल्ला झाल्यावरच्या कारवाईचा) क्रम लावावा लागतो: तयारी, शोध, विश्लेषण, कंटेनमेंट (पसरणं रोखणं), निर्मूलन, पूर्ववत करणं, धडे. रॅन्समवेअर पसरत असताना बॅकअप परत आणणं हे काम योग्य, पण वेळ चुकीची. आधी मशीन नेटवर्कपासून तोडायचं.

जोखमीचं गणित सोपं असून उगाच सोडलं जातं. १,००,००० किमतीच्या मालमत्तेचं एका घटनेत ४० टक्के नुकसान होत असेल, तर एसएलई, म्हणजे एका घटनेचं नुकसान, ४०,०००. घटना दोन वर्षांतून एकदा, म्हणजे एआरओ (वर्षाला किती वेळा) ०.५, एएलई (वर्षाचं अपेक्षित नुकसान) २०,०००. ही जोखीम पूर्ण टाळणारा कंट्रोल असला, तरी त्याला वर्षाला २५,००० लागत असतील तर तो परवडत नाही. पीबीक्यूपेक्षा हे गुण स्वस्त.

घरून परीक्षा देण्याची सोय आहे, पण ऑफिसच्या लॅपटॉपवरून देऊ नये. व्हीपीएन आणि कंपनीचं सिक्युरिटी सॉफ्टवेअर परीक्षेचं अ‍ॅप अडवतं. कागद-पेन चालत नाही, स्क्रीनवरच्या व्हाइटबोर्डवर भागवावं लागतं. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर केंद्रच बरं, कारण ओठ हलले की निरीक्षक टोकतो. पहिला प्रयत्न फसला तर दुसरा लगेच देता येतो, तिसऱ्याआधी १४ दिवस थांबावं लागतं. ‘खरे प्रश्न’ म्हणून विकले जाणारे डंप टाळावेत. पकडलं गेल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात ते वेगळंच.

आता उणी बाजू. ही परीक्षा पास झाल्याने अलर्ट (हल्ल्याच्या संशयाचे इशारे) हाताळता येत नाही, त्यासाठी घरी सराव हवा. १६ जीबी रॅमच्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यावा, त्यात एक विंडोज, एक काली (हल्ल्याच्या साधनांसह येणारं लिनक्स) आणि एका लिनक्सवर वाझू (लॉग गोळा करून तपासणारं सॉफ्टवेअर) चढवावं. नेटवर्क होस्ट-ओन्ली, म्हणजे बाहेरच्या जगापासून तोडलेलं, ठेवावं. विंडोजवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड मारून लॉगमध्ये ४६२५ची (फसलेलं लॉगिन) रांग आणि शेवटी ४६२४ (यशस्वी लॉगिन) बघावं. एकाच खात्यावर अनेक पासवर्ड की अनेक खात्यांवर एकच पासवर्ड, हा फरक लॉगवरून ओळखता आला की ब्रूट फोर्स आणि स्प्रेइंगची व्याख्या पाठ करावी लागत नाही. एसओसीच्या (हल्ल्यांवर पाळत ठेवणाऱ्या केंद्राच्या) कामासाठी बायोडेटात प्रमाणपत्राखाली असल्या दोन-तीन तपासांची टिपणं जोडणं जास्त कामाचं.

पेनटेस्टिंगच (परवानगी घेऊन हल्ला करून कच्च्या जागा शोधणं) करायचं असेल तर मोजमाप ओएससीपी या प्रात्यक्षिक परीक्षेचं: २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष हल्ला, मग रिपोर्टसाठी २४ तास. सिक्युरिटी प्लसनंतर थेट तिथे उडी मारली तर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतच (विंडोज नेटवर्कातली खाती आणि मशीन सांभाळणारी व्यवस्था) अडकायला होतं. सीआयएसएसपी ही अनुभवी लोकांची परीक्षा नवख्यांनी यादीतून काढून टाकावी. तिला पाच वर्षांचा अनुभव लागतो, एका वर्षाची सूट मिळाली तरी चार उरतात.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. तेवढ्यात ५० सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवायचे आणि वार्षिक शुल्क भरायचं, हा खर्च सुरुवातीलाच धरावा. ब्लू टीममध्ये, म्हणजे बचावाच्या बाजूला, राहायचं ठरलं असेल तर वेबिनारचे तास गोळा करण्यापेक्षा मुदतीच्या आत कॉम्पटियाचीच वरची परीक्षा सायसा प्लस द्यावी. ती पास झाली की सिक्युरिटी प्लसचं नूतनीकरण आपोआप होतं.