चॅटबॉटचं खातं कशानं उघडावं: गूगल, मोबाईल नंबर की ईमेल?

चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉडचं खातं दोन मिनिटांत उघडतं. ते कशानं उघडलं होतं, हे मात्र फोन बदलल्यावर किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री आठवावं लागतं. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांचं नेमकं तिथंच अडतं. म्हणून खातं उघडण्याआधीच थोडा विचार केलेला बरा.

गूगलनं लॉगिन करणं सगळ्यात सोपं. नवा पासवर्ड नको, ओटीपी नको, एक बटण दाबलं की आत. पण ते जीमेल कुणाच्या हातात आहे, यावर सगळं अवलंबून. आपल्याकडं कितीतरी घरांत पहिलं जीमेल मोबाईलच्या दुकानातच निघालं. फोन घेतला, दुकानातल्या पोरानं तिथंच ईमेल काढून दिला, प्ले स्टोअर सुरू झालं आणि पासवर्ड कुणी लिहून ठेवलाच नाही. रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवायला, दिलेला नंबरही कधीकधी दुकानातलाच असतो. जुना फोन चालू आहे तोवर काही कळत नाही. नवीन फोनवर लॉगिन करायला गेलं की गूगल विचारतं, ‘हे तुम्हीच आहात का?’ आणि ही सूचना येते गावाकडं वडिलांकडं राहिलेल्या जुन्या फोनवर. वडील शेतात, फोन घरात चार्जिंगला. पोरगं लातूरला स्क्रीनकडं बघत बसतं.

एवढं सांगूनही माझा कौल गूगललाच आहे, फक्त जीमेल स्वतःचं हवं. फोनच्या सेटिंगमध्ये गूगल खातं उघडून सुरक्षेच्या भागात जा, रिकव्हरीचा नंबर आणि दुसरा ईमेल आपलाच आहे ना ते बघा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी तपासणी, सुरू करून बॅकअप कोड घ्या. ते 10 येतात, प्रत्येक 8 आकड्यांचा आणि एकदाच चालणारा. ते वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर हीच वही कामाला येते.

मोबाईल नंबरचा पर्याय ईमेल नसलेल्यांना बरा वाटतो. ओटीपी साध्या एसएमएसनं येतो, त्याला नेट लागत नाही, त्यामुळं कमी रेंजमध्येही तो पोचतो. उशीर झाला तर ‘पुन्हा पाठवा’ सारखं दाबू नका. मग तीन कोड एकदम येतात, चालतो तो बहुधा शेवटचाच, आणि फार वेळा मागितला तर काही काळ कोड येणंच थांबतं. खरी अडचण नंबर टिकण्याची आहे. बीड, धाराशिवकडची कुटुंबं ऊसतोडीला गेली की जिथं रेंज मिळेल तिथलं सिम घेतात, जुन्याचा रिचार्ज राहून जातो. वापरात नसलेलं प्रीपेड सिम साधारण 90 दिवसांनी बंद होऊ शकतं आणि पुढं तो नंबर दुसऱ्याला मिळतो. मग आपल्या खात्याचा ओटीपी परक्या माणसाकडं जायचा. दहा वर्षं एकच नंबर असेल तर हा रस्ता घ्या, नाहीतर नको.

ईमेल-पासवर्डबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पासवर्ड लक्षात राहत असेल तर उत्तम. क्लॉडला तर पासवर्ड नसतोच, ईमेलवर लिंक येते. संगणकावर लॉगिन सुरू करायचं आणि लिंक मोबाईलवर दाबायची, यानं गोंधळ होतो. ज्या ब्राउझरमध्ये सुरुवात केली तिथंच ती लिंक उघडा.

रस्ता कुठलाही निवडा, पण त्याच रस्त्यानं परत आत या. खातं गूगलनं उघडलेलं असतं, घाईत कुणीतरी मोबाईल नंबर टाकतं आणि नवं कोरं खातं तयार होतं. जुने चॅट दिसत नाहीत, पैसे भरून घेतलेला प्लॅनही दिसत नाही. सगळं उडालं म्हणून जीव खाली-वर होतो. काही उडालेलं नसतं. बाहेर पडा, पहिल्या पद्धतीनं आत या, सगळं जागेवर सापडतं.

आता कनेक्शन. मोबाईल डेटा बरा की अभ्यासिकेचं वायफाय? वायफाय स्वस्त पडतं, पण एकाच राउटरवर सगळी पोरं असली की समोरच्या साइटला ती एकाच पत्त्यावरून आल्यासारखी दिसतात. मग ‘तुम्ही माणूस आहात का’ ही तपासणी वारंवार येते, कधी 429 ही चूक दिसते, म्हणजे विनंत्या फार झाल्या. व्हीपीएन (आपला इंटरनेटवरचा पत्ता लपवणारं ॲप) चालू असेल तर हे आणखी वाढतं. शिवाय लाईट गेली की राउटर बंद. म्हणून वायफाय वापरा, पण अडलं की पहिलं काम म्हणजे डेटावर जाऊन बघणं. डेटावर चाललं तर दोष वायफायचा, तुमच्या खात्याचा नाही.

ॲप की ब्राउझर? रोजच्या वापराला ॲप. बिघाड शोधायला ब्राउझर, कारण तिथं इनकॉग्निटो (खासगी) खिडकी उघडून लगेच कळतं की जुन्या कुकीज, म्हणजे साइटनं ब्राउझरमध्ये साठवलेल्या नोंदी, आड येतात का. त्याच वेळी फोनची तारीख-वेळ आपोआप सेट आहे ना, हेही बघा. वेळ चुकीची असेल तर साइट सुरक्षित नाही असं दाखवते आणि ऑथेंटिकेटरचे, म्हणजे लॉगिनचे कोड दाखवणाऱ्या ॲपचे, कोडही चालत नाहीत.

ॲप आणि ब्राउझर दोन्हीकडं बंदच असेल तर पासवर्ड बदलत बसू नका, आधी त्या कंपनीचं स्टेटस पान, म्हणजे सेवा चालू आहे की बंद ते सांगणारं पान, बघा. 18 नोव्हेंबर 2025 ला असंख्य साइटींची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा चॅटजीपीटी जगभर अडखळलं होतं. तशा वेळी आपल्या हातात काही नसतं. आणि फक्त एखादी शंका विचारायची असेल तर एप्रिल 2024 पासून चॅटजीपीटी लॉगिनशिवायही चालतं. चॅट जपून राहत नाहीत, पण गणिताची एक पायरी समजून घ्यायला तेवढं पुरतं.