पूरपट्ट्यातून बघताना: हवामान विभागाचा अंदाज आणि ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲप

कोल्हापूरच्या पंचगंगा नदीकाठी राहणाऱ्याला पावसाळ्यात दोनच प्रश्न असतात: पाऊस किती पडणार आणि पाणी दारात कधी येणार. पहिल्याचं उत्तर भारतीय हवामान विभाग देतो, दुसऱ्याचं केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ ॲप. दोन्ही सेवा फुकट आहेत आणि कामाच्याही. पण एकीचं उत्तर दुसरीत शोधायला गेलं की फसगत ठरलेली.

हंगामाच्या अंदाजावरून पुराचा हिशेब मांडूच नका. २०२१ साली देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९९ टक्के झाला, म्हणजे कागदावर अगदी ‘सामान्य’. त्याच जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी कोसळला आणि कोल्हापूर-सांगलीत महापूर आला. दर गुरुवारी येणाऱ्या चार आठवड्यांच्या अंदाजातला पहिला आठवडा मात्र जरूर बघावा. नदीवरच्या पाणीउपशाच्या मोटारी कधी काढायच्या हे ठरवायला तो पुरतो. तिसरा-चौथा आठवडा नुसता कल सांगतो.

खरा उपयोग जिल्हानिहाय इशाऱ्याचा. त्यात कोल्हापूर आणि साताऱ्याचा घाट वेगळा दाखवतात, ही फार मोलाची सोय आहे. पंचगंगेच्या खालच्या अंगाला असलेल्या शिरोळच्या माणसानं आपल्या डोक्यावरचं आभाळ बघण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे येणारं पाणी वर घाटाकडे, गगनबावडा, राधानगरीला पडतं. शिरोळात ऊन असतानाही नदी चढते. हवामान विभागाच्या भाषेत ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति जोरदार पाऊस, त्यापुढे अत्यंत जोरदार. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिमी पडला तर एक कोटी घनमीटर पाणी होतं, म्हणजे सुमारे ०.३५ टीएमसी (अब्ज घनफूट). जूनमध्ये यातलं बरंच जमीन पिते. जुलैअखेर जमीन तुडुंब भिजलेली असते, तेव्हा तेवढाच पाऊस जवळजवळ सगळा ओढ्यात उतरतो. शिवाय सकाळी छापून येणारा आकडा साडेआठपर्यंतच्या मागच्या २४ तासांचा असतो, हे विसरू नये.

आता ‘फ्लडवॉच’. २०२३ साली आलेल्या या ॲपमध्ये नकाशावर केंद्र निवडलं की पाणीपातळी आणि पुढचा अंदाज दिसतो. इथे सगळ्यात मोठा घोळ रंगांचा. हवामान विभागाचा ऑरेंज म्हणजे ‘तयारीत राहा’. जल आयोगाचा ऑरेंज म्हणजे नदीनं धोका पातळी गाठली किंवा ओलांडली! लाल दिसला तर आजवरच्या सर्वोच्च पातळीला पाणी टेकलं असं समजा. हे दोन रंग एकच धरणारा माणूस घर सोडायला उशीर करतो.

दुसरी अडचण मोजमापाची. ॲप समुद्रसपाटीपासूनचे मीटर दाखवतं, आपल्याकडे बोलणं त्या त्या जागच्या मोजपट्टीवरच्या फुटांत: कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९, धोका ४३, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० आणि ४५. मीटरला थेट ३.२८ नं गुणलं तर भलताच आकडा येतो. ॲपमधली धोका पातळी आणि आत्ताची पातळी यांतला फरक काढा आणि फक्त त्यालाच गुणा. फरक ०.६० मीटर असेल तर पाणी धोक्याच्या दोन फूट खाली आहे.

ॲपमध्ये तुमचा ओढा, तुमचा छोटा बंधारा नाही, आणि धरणाचा विसर्गही वेगळा बघावा लागतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). सातही उघडले की जवळपास १०,००० क्युसेक. पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा तुंबलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि पाऊस थांबूनही फुगवटा राहतो. म्हणून शिरोळकरांनी आयर्विनचा आकडाही राजारामच्या जोडीनं बघावा.

पुरात वीज जाते, मोबाईलची रेंजही जाते. राजारामला किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, तो एक आकडा आत्ताच दाराच्या मागे ऑइलपेंटनं लिहून ठेवा.