मोठा रस्ता, गल्ली की सायकल? सांगलीत शाळेची वाट ठरवताना

गेल्या नोव्हेंबरात, कारखाने सुरू होऊन काही दिवसच झाले होते, शाळा सुटायच्या वेळी आमच्या गेटसमोरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. मागे दोन ट्रॉल्या. दुसरीच्या वर्गातला एक मुलगा रस्त्याच्या कडेला थांबला होता, आई पलीकडे. पहिली ट्रॉली पुढे गेली, आता रस्ता मोकळा झाला असं त्याला वाटलं आणि तो धावला. शेजारच्या एका आजोबांनी दप्तराला धरून त्याला मागे ओढलं. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक हातभर अंतरावरून गेलं.

मुलाला काही झालं नाही. माझी मुलगी त्याच शाळेत तिसरीत आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीवर मी पालक प्रतिनिधी आहे. त्यानंतरच्या बैठकीत सगळ्यांनी चार उपाय सुचवले: मोठ्या रस्त्याला फुटपाथ आणि गतिरोधक, मुलांना आतल्या गल्ल्यांतून एकत्र आणणं, मोठ्या मुलांना सायकलची मुभा, आणि शाळा भरता-सुटताना गेटसमोर गाड्या बंद. सगळं एकदम होणार नव्हतं. आधी कशाचा पाठपुरावा करायचा हे ठरवायला आम्ही पायी फिरलो, कागद वाचले, बरेच भांडलो. सांगली, मिरज, कुपवाडमधल्या कुठल्याही समितीपुढे हाच प्रश्न येऊ शकतो, म्हणून ही तुलना मांडतो आहे.

आधी अंतराचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. शिक्षण हक्क कायद्याच्या महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून १ किलोमीटरच्या आत शाळा मिळायला हवी, सहावी ते आठवीच्या मुलाला ३ किलोमीटरच्या आत. लहान पावलांनी १ किलोमीटर म्हणजे पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे महापालिकेच्या प्राथमिक शाळेतली बहुतेक मुलं सहज चालत येतील एवढ्या अंतरावर राहतात. तरी निम्मे पालक मुलाला दुचाकीवर आणून सोडतात. का, असं विचारलं तर उत्तर एकच, रस्ता धोक्याचा आहे. आणि त्याच दुचाक्या गेटसमोर वळताना, मागे घेताना चालत येणाऱ्या मुलांचा रस्ता आणखी धोक्याचा करतात. काही घरांत तर नववी-दहावीतला दादा धाकट्याला गाडीवर सोडतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हे पालकसभेत सांगितल्यावर बरेच जण चमकले.

मोठा रस्ता: फुटपाथ आणि गतिरोधक

समितीत सर्वांत जास्त हात याला वर झाले, माझाही होता. फुटपाथ दिसतो, त्याचं उद्घाटन होतं, अर्जावर लिहायला सोपा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. आता तुमच्या शाळेजवळच्या फुटपाथवर टेप घेऊन जा. वीज मंडळाची डीपी, केबलचा खांब, नारळपाण्याची गाडी, दुकानाची पायरी, उभ्या केलेल्या दुचाक्या. १.८ मीटर सलग दहा पावलंसुद्धा आम्हाला मिळाले नाहीत, आणि कड इतकी उंच की पहिलीतलं मूल हात टेकून चढतं. असा फुटपाथ आणखी लांब करून मुलं त्यावरून चालणार नाहीत, ती खालीच उतरणार.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मला उशिरा कळली. फुटपाथ रस्त्याच्या कडेने चालताना सांभाळतो. त्या दिवशी तो मुलगा रस्ता ओलांडत होता. साधारण दहा वर्षांपर्यंत मुलांना समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही, आणि उभ्या गाडीच्या बॉनेटमागे ती चालकाला दिसतही नाहीत. म्हणून मोठ्या रस्त्यावर खर्च करायचाच असेल तर आधी मुलं जिथे ओलांडतात त्या एका जागेवर करावा.

तिथे वेगाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ताशी ३० किलोमीटरने येणारी मोटार, चालकाचं लक्ष जाऊन ब्रेक दाबायला एक सेकंद धरला तर, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५०च्या वेगाला तेच अंतर २८ मीटरच्या आसपास जातं. भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर याहून लांब जाऊन थांबतो, मागचं वजन त्याला पुढे ढकलत राहतं. त्यात गाण्यांचा आवाज इतका की चालकाला कडेची हाक ऐकू जात नाही.

गतिरोधक हवाच, पण कसला? रस्ता-मानकांतला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५च्या आसपास गाडी सुखाने जाते, जास्त वेगाने गेली तर हिसका बसतो. आपल्याकडे रातोरात डांबराचा अरुंद उंचवटा घालतात. त्यावर दुचाकीवाले कडेच्या फटीतून निसटतात, रिक्षातल्या गरोदर बाईचे हाल होतात आणि महिन्याभरात कोणीतरी तो उखडतो. रुंद गतिरोधकावरच झेब्रा पट्टे ओढून घेतले तर ओलांडायची जागा आणि वेग कमी करायची जागा एकच होते. आमची मागणी आता तीच आहे.

अडचण वेळेची. रस्ता महापालिकेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा हे आधी शोधावं लागतं. आमचा पहिला अर्ज चुकीच्या कार्यालयात चार महिने पडून होता. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्याकडे प्रत द्यावी, पोच घ्यावी.

गल्ली आणि दिंडी

सांगलीच्या उपनगरांत गुंठेवारी आहे, हे बाहेरच्याला समजावून सांगावं लागतं. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून वसलेल्या वसाहती, जेमतेम एक गाडी जाईल असे रस्ते. २००१च्या कायद्याने त्या नियमित करायची सोय झाली, पण गटार आणि रस्त्यांची रड अजून संपलेली नाही. मीही या अरुंद रस्त्यांबद्दल वर्षानुवर्षं तक्रार केली आहे. मुलांच्या वाटेचा विचार करताना मात्र माझं मत बदललं. ज्या गल्लीत उसाची ट्रॉली वळतच नाही, जिथे मोटारीला वेग घेता येत नाही आणि ओट्यावर भाजी निवडणारी आजी येणाजाणाऱ्या प्रत्येक मुलाला नावाने ओळखते, ती वाट मोठ्या रस्त्याच्या कितीतरी पुढे आहे.

परदेशात याला चालती बस म्हणतात, ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात ही कल्पना रुजली. आम्ही दिंडी म्हणतो, कारण मुलांना ते चटकन कळलं. पुढे एक मोठं माणूस, मागे एक, मध्ये दोनदोनच्या जोड्या. ठरलेले थांबे: पिठाची गिरणी, मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी. ठरलेल्या वेळेला दिंडी थांब्यावर येते, मुलं मिळत जातात. लहानांसाठी आठ मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं आमचं मत झालं. मोठा रस्ता एकदाच, एकाच जागी, सगळ्यांनी मिळून ओलांडायचा. वीस मुलांची रांग चालकाला लांबून दिसते, एकटं मूल दिसत नाही.

पैसे लागत नाहीत, माणसं लागतात, आणि तिथेच हे ढिलं पडतं. पहिला आठवडा सगळे येतात. तिसऱ्या आठवड्यात एकीची पाळी बदलते, एकाची मळणी निघते. आमच्याकडे हे आज्या-आजोबांनी सावरलं. निवृत्त माणसाला सकाळी अर्धा तास नेमाने चालायला हवंच असतं. नावांचा तक्ता शाळेच्या फळ्याशेजारी लावला आणि प्रत्येक वाराला एक राखीव नाव ठेवलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

गल्लीचे धोके वेगळे आहेत: उघडी गटारं, भटकी कुत्री, कोपऱ्यावरून जोरात येणारी दुचाकी. आणि पाऊस. शामरावनगरसारख्या काळ्या मातीच्या सखल भागात जुलैमध्ये गटार कुठे आणि रस्ता कुठे हे समजत नाही. म्हणून दिंडीला उन्हाळी वाट आणि पावसाळी वाट अशा दोन हव्यात. नदीकाठच्या पेठांतल्या शाळांनी आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघायची सवय ठेवावी. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. इशाऱ्यापर्यंत पाणी येण्याआधीच कुठली गल्ली तुंबते हे तिथल्या जुन्या माणसांना पाठ असतं, त्यांना विचारा.

सायकल

गाव सपाट आहे. साताऱ्यासारखा चढ नाही, त्यामुळे सांगलीत सायकल दमवत नाही. आमच्या पिढीने कैची मारत सायकल शिकून त्याच सायकलवर शाळा गाठली. म्हणून सायकलचा आग्रह धरणारे पालक बरेच असतात आणि त्यांच्या भावनेशी मी सहमत आहे.

पण प्राथमिक शाळेसाठी सायकलला मी पहिली पसंती देणार नाही. चौथीपर्यंतच्या मुलाने एकट्याने मोठ्या रस्त्यावर सायकल घालू नये. त्याला एका हाताने वळायचा इशारा करत तोल सांभाळता येत नाही, मागे वळून बघितलं की हँडल त्याच बाजूला जातं. पाचवीपासून, गल्लीच्या वाटेने, आधी मैदानावर शिकवून, जरूर द्यावी. शिकवताना तीन गोष्टी घ्या: आठच्या आकड्यात फिरवणं, खांद्यावरून मागे बघत सरळ जाणं, आणि मोठ्या रस्त्याशी आल्यावर उतरून सायकल हातात धरून ओलांडणं. दप्तर पाठीवर नको, कॅरिअरला घट्ट बांधा, नाहीतर तोल जातो. ब्रेक मात्र दर महिन्याला बघायचे. शाळेत सायकल ठेवायला सावलीची, कुलूप लावता येईल अशी जागा नसेल तर आठ दिवसांत मुलं सायकल आणणं सोडतात.

रंगाचे पट्टे मारून केलेला सायकल मार्ग मागू नका. पट्ट्यावर गाड्या उभ्या राहतात आणि मूल त्यांना वळसा घालायला थेट रहदारीत येतं.

गेटसमोर वीस मिनिटं

चौथा उपाय सर्वांत स्वस्त, आणि त्यालाच सर्वांत जास्त विरोध झाला. शाळा भरताना वीस मिनिटं आणि सुटताना वीस मिनिटं गेटसमोरचा तुकडा गाड्यांना बंद. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ मध्ये याची सुरुवात झाली आणि पुढे युरोपात अनेक ठिकाणी रुजली. दोन्ही टोकांना दोरी, एक शिपाई किंवा पालक, रहिवाशांना पायी गाडी ढकलत नेण्याची मुभा, रुग्णवाहिकेला अर्थात रस्ता.

गेट मोठ्या रस्त्यावर उघडत असेल तर हे शक्यच नाही. आमच्या शाळेला मागच्या गल्लीत एक जुनं फाटक होतं, कुलूप गंजलेलं. ते उघडलं आणि येणं-जाणं तिकडून सुरू केलं. तेवढ्या एका गोष्टीने निम्मा प्रश्न हलका झाला. तुमच्या शाळेला मागचं फाटक आहे का, हे सगळ्यांत आधी बघा. गल्ली कायमची ठरावीक वेळी बंद ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली अधिसूचना लागते. ती निघेपर्यंत वाहतूक शाखेशी बोलून, रहिवाशांच्या सह्या घेऊन प्रयोग म्हणून करता येतं.

रिक्षामामांशी आधी बोला. त्यांना शंभर पावलांवर उभं राहायची ठरलेली जागा दिली तर ते बहुतेक ऐकतात. मुलाला अगदी गेटपर्यंत गाडीवर सोडायची सवय असते ती पालकांची.

वेळेचाही एक मुद्दा. २०२४च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी ते चांगलंच आहे. मात्र नऊच्या पुढे कार्यालयांची आणि कुपवाडच्या एमआयडीसीची वर्दळ त्याच रस्त्यावर असते, म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेला बघून वाट ठरवू नका.

| उपाय | कधी सुरू होतं | कोणाचं हो लागतं | कुठे फसतं |
|---|---|---|---|
| फुटपाथ | एक-दोन वर्षं | रस्त्याचा मालक विभाग | अतिक्रमण, उंच कड |
| रुंद गतिरोधक व झेब्रा | काही महिने | तोच विभाग, वाहतूक शाखा | अरुंद उंचवटा घातला तर |
| दिंडी | पुढच्या सोमवारी | पालक | तिसऱ्या आठवड्यात |
| सायकल, पाचवीपासून | शिकवणीनंतर | पालक, मुख्याध्यापक | मोठा रस्ता, जागा नसणं |
| गेटसमोर गाड्या बंद | दोन-तीन आठवडे | रहिवासी, वाहतूक शाखा | गेट मोठ्या रस्त्यावर असेल तर |

तुमची बहुतेक मुलं मोठ्या रस्त्याच्या एकाच बाजूला राहत असतील तर दिंडी आणि मागचं फाटक एवढ्यावर भागेल, गतिरोधकासाठी वर्ष घालवू नका. मुलं दोन्ही बाजूंनी येत असतील तर दिंडी आजच सुरू करा आणि ओलांडायच्या एका जागेचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे गणपतीच्या सुमाराला दिला तर उत्तम. सहावी-सातवी असलेल्या शाळांनी सायकल जोडावी. फुटपाथ मागायला हरकत नाही, पण त्याची वाट बघत बाकीचं थांबवू नका.

कायद्यानेच व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असतात, आणि शाळेचा विकास आराखडा तीच समिती करते. वाटेचा नकाशा त्या आराखड्यात घाला. नकाशा काढायला एका दिवशी सकाळी, शाळेच्या वेळेला, पहिलीतल्या एका मुलाचा हात धरून त्याच्या घरापासून शाळेपर्यंत चाला. तो जिथे जिथे तुमचा हात घट्ट धरेल तिथे खडूने खूण करा. आमच्याकडे अशा पाच खुणा निघाल्या. त्यातल्या तीन मिटल्या आहेत, गतिरोधकाच्या अर्जाला परवा स्मरणपत्र दिलं, आणि पाचवी पाण्याच्या टाकीजवळच्या उघड्या गटारावर आहे. त्यावर येत्या रविवारी आम्ही पालकच फरश्या टाकणार आहोत.