मऊ आणि ठिसूळ दगडांसाठी टंबलर निवडताना: रोटरी की व्हायब्रेटरी?

टंबलर म्हणजे दगडांना ग्रिटसोबत, म्हणजे घासणाऱ्या कठीण कणांच्या पुडीसोबत, घोळवून चकचकीत करणारे यंत्र; हे काम टप्प्याटप्प्याने अधिकाधिक बारीक ग्रिट वापरून होते. त्यात अगेट आणि जास्पर या कठीण दगडांवर हात बसलेल्या माणसाची पहिली फजिती बहुधा फ्लोराइट, कॅल्साइट किंवा ऑब्सिडियन करतात. तीन-चार आठवडे निगुतीने फिरवलेले पिंप उघडावे, तर कडांचे टवके उडालेले असतात आणि पृष्ठभागावर चंद्रकोरीसारखे पांढरे वण उमटलेले असतात. अशा दगडांसाठी फिरत्या पिंपाचा रोटरी टंबलर घ्यावा की कंपनावर चालणारा व्हायब्रेटरी, हे ठरवण्यापूर्वी आपला दगड मऊ आहे, ठिसूळ आहे की दोन्ही, हे पाहिले पाहिजे, कारण या दोन गोष्टी बोलताना सर्रास एकच धरल्या जातात.

मोह्स मापनश्रेणीवर कॅल्साइटचे काठिण्य ३, फ्लोराइटचे ४, ॲपेटाइटचे ५ आणि क्वार्ट्झचे ७ आहे. मात्र हा आकडा दगडावर ओरखडा किती सहज उठतो एवढेच सांगतो. टक्कर बसल्यावर तो टिकेल की नाही, याचा अंदाज त्यावरून येत नाही. ऑब्सिडियनचे काठिण्य ५ ते ५.५ असले तरी ती मुळात ज्वालामुखीतून आलेली काच असल्यामुळे आपटताच तिचे टवके निघतात. उलट सर्पेंटाइन बहुधा तिच्याहून मऊ असूनही बराच चिवट असतो. फ्लोराइट चार आणि कॅल्साइट तीन दिशांनी सपाट फुटतो, म्हणजे या दोघांत मऊपणा आणि ठिसूळपणा एकत्र आले आहेत. मऊ दगडाला जपायचे ते ग्रिटपासून, आणि ठिसूळ दगडाला जपायचे ते टकरीपासून. यंत्राची निवड मुख्यतः या टकरीवर ठरते.

रोटरी टंबलरमध्ये पिंप रुळांवर आडवे फिरते, दगड त्याच्या भिंतीसोबत वर चढतात आणि उतारावरून घसरत खाली येतात. झीज होते ती या घसरण्यामुळे. पिंप जेमतेम अर्धे भरलेले असेल किंवा वेग जास्त असेल, तर दगड घसरण्याऐवजी कोसळतात आणि नेमके तेव्हाच वण पडतात. त्यामुळे रोटरीच वापरायचा असल्यास वेग कमी ठेवावा, पिंप पाऊण भरावे, मोठ्या दगडांच्या फटींत लहान दगड किंवा प्लॅस्टिकच्या गोळ्या बसू द्याव्यात आणि शक्यतो लहान व्यासाचे पिंप निवडावे, कारण मोठ्या पिंपात घसरण लांब आणि जोरकस होते. सिरॅमिकची भर कठीण दगडांना चालते. कॅल्साइटसारख्या दगडाशेजारी मी ती ठेवणार नाही. प्लॅस्टिकच्या गोळ्यांची अडचण अशी की त्या पाण्यावर तरंगतात आणि दगडांच्या मध्ये राहत नाहीत. पाण्यात साखर विरघळवून ते दाट करण्याची युक्ती यासाठीच वापरली जाते, मात्र बंद पिंपात वायू साठू शकत असल्यामुळे झाकण अधूनमधून उघडावे लागते.

व्हायब्रेटरी यंत्रात मोटरच्या दांड्यावर एका बाजूला बसवलेल्या वजनामुळे भांडे थरथरते. दगड एकमेकांना घासत संथपणे वळत राहतात. उंचावरून पडण्याचा प्रश्नच उरत नाही. रोटरीत एका टप्प्याला साधारण आठवडा लागतो, तेथे येथे एक-दोन दिवसांत काम होते. दगडाचा मूळ आकारही जवळपास तसाच राहतो. फ्लोराइटचा अष्टफलकी तुकडा अष्टफलकीच ठेवायचा असेल तर रोटरीचा विचार सोडून द्यावा. याची किंमत लक्ष देऊन मोजावी लागते: भांड्यात पाणी दगड ओले राहण्यापुरतेच असते, ते उडून जाते आणि गाळ घट्ट होऊन दगडांचे वळणे थांबते. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाहणी अटळ आहे. भांडे जवळजवळ पूर्ण भरावे लागते. रिकामी जागा सोडली तर दगड उसळू लागतात आणि ज्यासाठी हे यंत्र घेतले तो फायदाच जातो. शिवाय हे यंत्र सहसा महाग असते आणि खडबडीत दगडाला गोलाई देण्याचे काम त्याला नीट जमत नाही.

ग्रिटच्या बाबतीत दोन्ही यंत्रांना नियम सारखेच आहेत. क्वार्ट्झसाठी वापरतात ती ६०/९० ची जाड ग्रिट (आकडा जितका मोठा तितके कण बारीक) येथे बहुधा वगळावी आणि मऊ दगडांची सुरुवात १२०/२२० किंवा थेट ५०० पासून करावी. वेगवेगळ्या काठिण्याचे दगड एकत्र टाकू नयेत. प्लॅस्टिकच्या गोळ्यांत ग्रिटचे कण रुतून बसतात, म्हणून प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र गोळ्या हव्यात. मागच्या टप्प्याचे चार कण राहिले तरी पॉलिशमध्ये ओरखडे उठतात.

एकच यंत्र घेणे शक्य असेल आणि हाताशी मुख्यतः ऑब्सिडियनचे ओबडधोबड तुकडे असतील, तर मी रोटरी घेईन, कारण ऑब्सिडियनला आकार द्यावा लागतो आणि भरगच्च, संथ पिंपात तो निभावतो. फ्लोराइट, कॅल्साइट आणि ॲपेटाइट यांच्यासाठी मात्र व्हायब्रेटरीच घ्यावा आणि त्यांच्या धारदार कडा आधी ओल्या पॉलिशपेपरवर हाताने मोडून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण निम्मे टवके येथेच वाचतात. मॅलाकाइटही याच बाजूला मोडतो, फक्त त्यात तांबे असल्यामुळे तो कोरडा घासू नये आणि गाळ हाताळताना हातमोजे घालावेत. जिप्समचे काठिण्य २ आहे आणि तो पाण्यात थोडाफार विरघळतोही. त्याला दोन्ही यंत्रांपासून दूर ठेवावे.