उद्यमनगरातलं बिनबोर्डाचं गॅरेज आणि माझा आठ महिने झोपलेला फोर बाय फोर

आधीच सांगतो, गॅरेजला बोर्ड नाही आणि गॅरेजवाल्या मामांनी 'नाव बिव टाकू नका ओ, दारात हाय त्याच गाड्या मावंनात' म्हणून बजावलंय, त्यामुळं पत्ता एवढाच की कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर, लेथ मशीनच्या दुकानांच्या मागची गल्ली. तिथं कुणालाही जीपवाले मामा कुठं म्हणून विचारा, हात करतील.

माझी गाडी डबल कॅब पिकअप, डिझेल, २०२० सालची, पार्ट टाइम फोर बाय फोर, म्हणजे एरवी मागच्या दोन चाकांवर पळते आणि बटण फिरवलं की चारी चाकांना ताकद जाते. कंपनीचं नाव घेत नाही कारण या सगळ्यात गाडीचा दोष नव्हताच, माझा होता. शेत राधानगरी रोडनं आत, शेवटची दीड किलोमीटर पाणंद आणि मधे एक ओढा, पाऊस लागला की लाल चिखलात ट्रॅक्टर पण आडवा होतो. हेच कारण घरी सांगून दोनच चाकांची फोर बाय टू सोडून महागातली गाडी घेतली होती आणि घेतल्यावर ते बटण पावसाळ्यातले चार महिने सोडून कधी फिरवलंच नाही. ऑक्टोबर ते मे नुसतं टू एच, म्हणजे मागची दोनच चाकं. डिझेल वाचतंय, कशाला उगाच झीज करायची, हे आपलं डोकं.

गेल्या वर्षी मिरगाचा पहिला मोठा पाऊस झाला, खताची पोती घेऊन निघालो, ओढ्याच्या पलीकडं चढाला गाडी रुतली. फोर एचला, म्हणजे चारी चाकांना, बटण फिरवलं तर डॅशवरची लाइट नुसती टुकटुक करतेय, लागेना. थोडी मागं घे, पुढं घे, न्यूट्रल कर, बंद करून चालू कर, सगळं झालं. मागची चाकं चिखल उडवतायत आणि पुढची देवासारखी शांत. शेवटी चुलत्यांनी ट्रॅक्टर आणून ओढली आणि वरनं 'ही तुझी फोर बाय फोर व्हय' एवढंच बोलले, ते अजून ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या चकाचक सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावला, कॉफी दिली, आणि तासाभरात सांगितलं की ट्रान्सफर केसची, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या डब्याची, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, खर्च लाखाच्या वर. खाली कोण वाकून बघितलं का तर नाही. मग मित्रानं मामांकडं पाठवलं.

मामांचं वय साठीच्या पुढं असंल, हाताखाली दोन पोरं. त्यांनी आधी दहा मिनिटं काहीच केलं नाही, नुसतं विचारत बसले, फोर व्हील शेवटचं कधी लावलंत, ओढ्यातनं गाडी घालता का, पुढच्या क्राऊनचं ऑइल कधी बदललंत. शेवटच्या प्रश्नाला मी गप्प. इंजिन ऑइल वेळच्या वेळी, पण पुढच्या क्राऊनमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात, डिफ्रन्शियलमध्ये, ऑइल असतं हेच मला लक्षात नव्हतं, खोटं कशाला बोलू.

मग पोतं अंथरून मलाच खाली झोपायला लावलं. पुढच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट हातानं हलवा म्हणाले. हलवला तर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमधनं करकर असा आवाज, आतमध्ये वाळू भरल्यासारखा. पोरानं तो क्रॉस उतरवून कप उघडला तर ग्रीसचा मागमूस नाही, बारीक सुयांसारखे रोलर असतात त्यांची गंजून तपकीर झालेली, अक्षरशः चिमटीत धरून ओढावी अशी. ग्रीस भरायच्या निप्पलला ग्रीस गन लागलेलीच नव्हती. क्राऊनचा प्लग काढल्यावर जे ऑइल आलं ते कटिंग चहाच्या रंगाचं. मामांनी दोन बोटांत घेऊन चोळलं आणि नुसतं माझ्याकडं बघितलं. पाणी गेलेलं. कारण पण सांगितलं, अ‍ॅक्सल पळून गरम झालेला असतो, तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते, हवा आतबाहेर जायची ब्रीदरची नळी चिखलानं बुजलेली असली की मग ती सीलमधनं पाणी ओढून घेते. २०२१ च्या पुरात पण मी गाडी पाण्यातनं काढली होती, तेव्हा लई शहाणपण वाटलं होतं त्याचं.

आणि मेन लोचा निघाला पुढच्या अ‍ॅक्सलच्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये. बटण फिरवलं की हाच मोटरनं रॉड ढकलून पुढची चाकं जोडतो. मामांनी त्याची मोटर काढून बॅटरीवरनं डायरेक्ट सप्लाय दिला, मोटर मस्त घरघरली. म्हणजे मोटर चांगली, ती ज्याला ढकलते तो रॉड गंजून जाम. ट्रान्सफर केस बिचारी तिचं काम करत होती, पुढं अ‍ॅक्सल जोडला जात नव्हता म्हणून लाइट टुकटुक. असेंब्लीचा काही संबंधच नाही!

रॉड साफ केला, दोन क्रॉस नवीन, सील नवीन, ब्रीदरची नळी फुंकून साफ करून वर उंचावर बांधली, पुढचं मागचं ऑइल मॅन्युअलमधला ग्रेड बघून, ट्रान्सफर केसचं वेगळं. बेरिंग वाचली होती, नशीब. सगळं मिळून ९,८०० रुपये.

पण मी हे लिहितोय ते पैशापायी नाही. मामांनी गाडी देताना किल्ली हातात दिलीच नाही, आधी शाळा घेतली. म्हणाले, "बैल उन्हाळाभर दावणीला बांधून ठेवला आणि मिरगाला एकदम औताला जुंपला तर खांदा येणारच की ओ पाव्हणं." टू एचमध्ये पुढचा शाफ्ट आणि क्राऊन फिरतच नाही, ऑइल खाली बसून राहतं, वरचे गिअर, बेरिंग, सीलची कड कोरडी पडते, कारण तिथं पंप बिंप नसतो, गिअर फिरून ऑइल उडवतात तेवढंच वंगण. म्हणून महिन्यातनं एकदा फिरवायची. मला वाटलं ही गॅरेजवाल्याची स्वतःची थेरी, पण टोयोटाच्या पार्ट टाइम फोर बाय फोर गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पण महिन्याला निदान १६ किलोमीटर फोर व्हीलमध्ये चालवा असंच दिलेलं असतं. मामांनी मॅन्युअल वाचलंय असं वाटत नाही, पण आकडा त्यांनी पण जवळपास तोच, पंधरा सांगितला.

आता माझं ठरलेलं आहे, महिन्याचा पहिला रविवार, पाणंदीला लागलो की फोर एच, सरळ सावकाश जायचं, शेतात थोडी रिव्हर्स, मग गाडी थांबवून न्यूट्रलला टाकून फोर एल (चारी चाकं, वेग कमी, जोर जास्त), शंभर दोनशे मीटर, परत टू एच. लाइट विझली का बघायचं, नाही विझली तर चार फूट मागं घेतली की सुटतं. हे कोरड्या डांबरावर करू नका बरं का, एका मित्रानं हायवेला केलं. आपल्या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारा मधला डिफ्रन्शियल नसतो, वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मातीत चाक घसरून ते भागतं, डांबरावर घसरायला जागा नाही, सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर. स्टिअरिंग जड होतं, गाडी धक्के देते. चारी टायर एकाच साइजचे आणि सारखे झिजलेले पाहिजेत, ते पण त्यातच आलं. आणि व्यायाम द्यायचा म्हणून मसाई पठारावर नेऊन गवत उकरू नका, कुणाच्या तरी पाणंदीनं खत पोचवा, गाडीचं पण होईल आणि त्याचं पण.

आता तक्रारी. मामा फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीच उचलत. दोन दिवस सांगितले आणि चार दिवस लावले. बिल वहीच्या पानावर. सीटवर काळे हात उमटले ते अजून निघाले नाहीत, जाताना जुनी चादर टाकून जा. सोमवारी बंद. आणि वॉरंटीतली गाडी असेल तर आधी विचार करा, माझी संपली होती म्हणून मी बिनधास्त. पाचातले साडेचार, अर्धा फोनसाठी कापला.

ह्या जूनला त्याच चढाला, तशीच पोती घेऊन, बटण फिरवल्या फिरवल्या लाइट स्थिर, चुलते बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत.

परवा नुसता चहाला म्हणून मामांकडं गेलो. 'ह्या म्हैन्याची फिरवली का?' 'व्हय की, कालच.' मामा उठले, गाडीपाशी जाऊन वाकले, पुढच्या चाकाच्या आत हात घातला, बोटं बघितली.

"चिखल कुठाय मग?"

मी सकाळीच वॉशिंगला लावली होती.